दोन दारांची शाळा

माझी शाळा शाळा म्हणून बांधलेलीच नव्हती. ती इंग्रजांच्या सैनिकांसाठी बांधलेली बराक होती. लांबच लांब, आगगाडीच्या डब्यासारखी. जाड विटांच्या भिंती, वर लाकडी कैच्यांवर पेललेलं कौलांचं छप्पर, माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतके उंच झरोके आणि दोन्ही टोकांना एकेक रुंद दार. आमच्या उल्हासनगरात अशा बराकींच्या रांगाच्या रांगा होत्या. युद्ध संपलं, सैनिक गेले, आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं त्यांत राहायला आली. गोणपाटं आणि जुन्या साड्या टांगून त्यांनी एकेका बराकीतून दहा-दहा संसार उभे केले. त्यातली एक बराक कुणीतरी मुलांसाठी ठेवली. ती आमची शाळा.

परवा मायाचा फोन आला. माया माझी लहानपणची मैत्रीण. सिंधी. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त झाली आहे, पण अजून उल्हासनगरातच राहते. मीही प्राथमिक शाळेतली नोकरी संपवून बदलापूरला कात्रपमध्ये मुलाकडे असते.

"सुन ना," ती म्हणाली. मायाचं प्रत्येक बोलणं असंच सुरू होतं. "आपली बराक उघडली. नगरसेवकाच्या मागे लागून लागून रिपेर करून घेतली मी. संध्याकाळी बायकांसाठी क्लास सुरू करायचाय. मराठी शिकवायला कोण नाय. तू ये."

"माझे गुडघे बघितलेस का? आणि कात्रपहून रोज तिथं?"

"रोज कोण बोललं? तू फक्त बघायला ये. जबरदस्ती नाय."

मायाची 'जबरदस्ती नाय' मला चांगली माहीत आहे. तरी गेले. बराक उघडली म्हटल्यावर घरात बसवेना.

रिक्षा बदलत बदलत गेले. अंबरनाथच्या एमआयडीसीपाशी तो ओळखीचा आंबूस, नाकात चढणारा वास आला आणि मला बाबांचा शर्ट आठवला. बाबा तिथल्याच एका कारखान्यात होते. साताऱ्याकडून आलेले. अंबरनाथला खोली परवडेना म्हणून त्यांनी उल्हासनगरात एका सिंधी कुटुंबाकडून अर्ध्या बराकीचा तुकडा भाड्यानं घेतला. भिंतीपलीकडे मायाचं घर. आईनं पहिले काही महिने पदर डोक्यावरून खाली येऊ दिला नव्हता. मग एक दिवस मायाची अम्मा कोकी घेऊन आली. कांदा घालून खरपूस भाजलेली जाडजूड पोळी. आईला काही बोलता येईना, अम्माला मराठी येईना. दोघी नुसत्याच हसल्या. दुसऱ्या दिवशी आईनं थालीपीठ पाठवलं. अम्मानं ते बघून कपाळाला हात लावला आणि मोठ्यानं हसली. कोकीच परत आली असं वाटलं असणार तिला.

रिक्षावाल्यानं वळणावर सोडलं. दोन्ही बाजूंना आता चार-पाच मजली इमारती आहेत, खाली जीन्स शिवण्याचे कारखाने, वर वाळत घातलेले कपडे. मधे आमची बराक बसून राहिलेली. कौलं गेली आहेत, त्या जागी निळे पत्रे. भिंतींना पिवळा रंग. पण लांबी तीच. कितीही रंग दिला तरी त्या इमारतीची लांबी काही लपत नाही.

माया पायरीवरच उभी होती. पंजाबी ड्रेस, डोळ्यांवर मोठा चष्मा. मला बघून तिनं हात हलवला नाही, नुसती मान कलती केली. शाळेत उशीर झाला की तशीच करायची.

"कुठल्या दारानं येणार?" तिनं विचारलं.

मी हसले. हा प्रश्न फक्त आम्हीच एकमेकींना विचारू शकतो.

पूर्वेचं दार मराठी शाळेचं होतं आणि पश्चिमेचं सिंधी शाळेचं. बराकीच्या बरोबर मधे फळ्यांची भिंत होती. ती छपरापर्यंत पोचत नव्हती, दोन पुरुष उंच होऊन तिथंच थांबली होती, त्यामुळे वरून सगळे आवाज इकडचे तिकडे व्हायचे. आम्ही बे एके बे म्हणत असू तेव्हा पलीकडून 'अलिफ, बे' असं चालीत यायचं. आमची 'बे' आणि त्यांची 'बे' कधीकधी एकाच क्षणी यायची आणि दोन्हीकडची पोरं खुदखुदायची. अर्थ कळत नव्हता, पण त्यांची आख्खी मुळाक्षरं मला पाठ होती. आईला वाटायचं मी कसला तरी मंत्र शिकून आले.

वासही तसेच मिसळायचे. ओल्या कौलांचा, खडूचा, शेजारच्या घरांत वाळत घातलेल्या पापडांतल्या मिऱ्याचा आणि हिंगाचा. उन्हाळ्यात छप्पर तापलं की जुन्या लाकडातून डिंकासारखा एक वास सुटायचा. वरच्या तुळयांना ओळीनं लोखंडी हुक होते. सैनिकांच्या मच्छरदाण्या त्यांना टांगत, असं म्हातारी माणसं सांगत. संसार आले तेव्हा त्यांना पाळणे टांगले गेले. आमच्या वेळी त्यांना काहीच टांगलेलं नव्हतं, आणि दुपारच्या कंटाळवाण्या तासाला मी मान वर करून त्यातल्या एकेका हुकाला एकेक बाळ लटकवत बसायची.

पलीकडच्या बाईंना सगळी मुलं 'दादी' म्हणत. मला ते फार दिवस कोडं होतं. दादी म्हणजे आजी, इतकं हिंदी मला येत होतं. पण मोहिनीदादी आईपेक्षा थोड्याच मोठ्या होत्या. ताठ चालायच्या, पांढरी साडी नेसायच्या, कानात लहानसे मोती. शेवटी मायानं सांगितलं, "अगं, दादी म्हणजे मोठी बहीण." मग मला आणखीच नवल वाटलं. बाईंना ताई म्हणायचं? आमच्या राणेबाईंना ताई म्हणायची कुणाची छाती नव्हती. राणेबाई मालवणकडच्या. बुटक्या, ठसठशीत, आणि त्यांचा आवाज फळ्यांच्या भिंतीला धडकून परत आमच्याकडे यायचा.

दसऱ्याला पाटीपूजन असायचं. पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची, झेंडूचं फूल आणि आपट्याची पानं ठेवायची. एका वर्षी राणेबाईंनी मला पलीकडे पाठवलं, "दादींना म्हणावं, फुलं उरली आहेत, हवीत तर पाठवते." मी सिंधी दारातून पहिल्यांदाच आत गेले. तीच बराक, तोच उजेड, पण फळ्यावरची अक्षरं वेगळी. वळणावळणाची, ठिपक्यांची, जणू कुणी पाण्यावर लिहिलं आहे. दादींनी फुलं घेतली आणि मला म्हणाल्या, "अच पुट, वेह." ये बाळ, बस. मग त्यांनी त्यांच्या मुलांना पाट्या उचलायला लावल्या आणि सगळी रांग घेऊन आमच्याकडे आल्या. त्या दिवशी आमच्या सरस्वत्यांशेजारी त्या ठिपक्यांच्या पाट्या मांडल्या गेल्या. एकाच उदबत्तीचा धूर सगळ्यांवरून गेला. प्रसादाचे बत्तासे दादींनी वाटले.

पलीकडचा आवाज कधी कमी व्हायला लागला ते मला सांगता येणार नाही. एखाद्या घरातली माणसं हळूहळू कमी होतात तसं ते झालं. कुणाच्या वडिलांनी मुलांना इंग्रजी शाळेत घातलं, कुणी हिंदी शाळेत. 'अलिफ, बे'ची चाल पातळ होत गेली. आम्ही मोठ्यानं पाढे म्हटले की ती बुडून जायची. मग राणेबाई आम्हाला हळू म्हणायला लावू लागल्या. त्या असं का करतात ते तेव्हा कळलं नाही.

पाचवी संपली तेव्हा मायाच्या वर्गात माया एकटी उरली होती. वरून हुकूम आला, पुढच्या वर्षी सिंधी वर्ग नाही.

त्या सुट्टीत मायानं पापड लाटायला घेतले. तिची अम्मा पापडांवर घर चालवायला हातभार लावत होती, आणि मायाचा हात तिच्यापेक्षाही हलका होता. दारात चटईवर पापडांची गोल गोल रांग, मधे माया. मी खेळायला बोलवायची तर ती लाटणं न थांबवता म्हणायची, "हे झालं की." ते कधी होतच नसे. जून आला. आईनं मला नवं दप्तर शिवलं. मायाकडे दप्तराची गोष्टच कुणी काढेना.

शाळा उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी राणेबाई आणि मोहिनीदादी दोघी आमच्या राहत्या बराकीत, मायाच्या दारात आल्या. एकत्र. मी आईच्या मागे उभी राहून पाहत होते. मायाचे बाबा नुकतेच दुकानातून आले होते. त्यांनी आदरानं खाट पुढे केली. दोघी बसल्या नाहीत.

"स्कूल बंद है तो लड़की घर बैठेगी," मायाचे बाबा म्हणाले. "दूसरा क्या?"

राणेबाईंचं हिंदी भयंकर होतं. पण त्या मागे हटणाऱ्या नव्हत्या. "भाईसाब, शाला बंद नहीं. एक दरवाजा बंद हुआ. हमारा दरवाजा उघडा है."

"मराठी में?" ते हसले. वाईट नव्हते हसले, थकून हसले. "बाई, पाँच साल सिंधी पढ़ी. अब मराठी पहली से पढ़ेगी? बारा बरस की लड़की छोटे बच्चों के साथ बैठेगी?"

"सहावीतच बसेल. माझ्या वर्गात," राणेबाई मराठीतच म्हणाल्या. "मी बघते."

मग मोहिनीदादी सिंधीत बोलू लागल्या. हळू, न थांबता. मला एक शब्द कळला नाही, पण अम्माचा चेहरा बदलत गेला तो दिसत होता. पुढे कितीतरी वर्षांनी मायानं मला ते सांगितलं. दादी म्हणाल्या होत्या, "आपण इथं आलो तेव्हा मी अठरा वर्षांची होते. शिकलेली. गावात माझ्यासारखं वाचणारी मुलगी नव्हती. आणि इथं स्टेशनवर उतरले तर पाटी वाचता येईना. शिकलेली असून मी आंधळी झाले भाऊ. इतकी वर्षं मी तुमच्या मुलांना आपली अक्षरं शिकवली, ती मला जिवापाड आवडतात. पण मायाला ह्या गावातली पाटी वाचता आली पाहिजे. सिंधी मी तिला घरी शिकवीन, कुठं पळून जात नाही."

मायाचे बाबा खाली बघत राहिले. तेव्हा अम्मा उठली, पिठाचे हात पदराला पुसले आणि मायाच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. बस, तेवढंच. स्वतः खाली बसून पुढचा पापड लाटायला लागली. माया रिकामे हात घेऊन नुसती बघत राहिली, आणि मग माझ्याकडे बघून हसली.

दुसऱ्या दिवशी माया आमच्या दारानं आत आली. पहिलाच तास शुद्धलेखनाचा. राणेबाईंनी तिला फळ्यावर तिचं नाव लिहायला सांगितलं. मायानं खडू उचलला, फळ्याच्या उजव्या टोकाला गेली आणि तिथून डावीकडे यायला लागली. आधी 'मा', मग त्याच्या डावीकडे 'या'. वाचलं तर 'यामा'. वर्गात हशा पिकला. मुलगे बाकं बडवून हसले. माया तिथंच थिजली.

राणेबाई ओरडल्या नाहीत. त्या फळ्यांच्या भिंतीपाशी गेल्या आणि हाक मारली, "दादी, जरा या." मोहिनीदादी अजून पलीकडे रिकाम्या वर्गात यायच्या, बदलीचा कागद येईपर्यंत. त्या आल्या. राणेबाईंनी त्यांना खडू दिला. "एक ओळ लिहा तुमच्यात."

दादींनी उजवीकडून डावीकडे एक ओळ लिहिली. सुंदर, सलग, हात न उचलता.

"वाचा," राणेबाई आम्हाला म्हणाल्या. "कोण वाचतं?"

बाकं बडवणारे मुलगे एकमेकांकडे बघू लागले.

"माया, तू वाच."

मायानं वाचलं. ओळीखालून उजवीकडून डावीकडे बोट फिरवत, न अडखळता. राणेबाईंनी फळा पुसला, हात झटकले. "आता कुणाला हसायचं असेल तर हसा."

कुणी हसलं नाही. आणि त्या वर्षअखेर मायाचं शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं झालं. अजूनही आहे. माझ्या मेसेजमधल्या चुका ती दुरुस्त करून परत पाठवते.

त्याच वर्षी स्नेहसंमेलनाला व्यासपीठ हवं होतं. लाकूड कुठून आणायचं? कुणीतरी म्हणालं, ती भिंत आहे की. मोठ्या मुलांनी आणि एका सुतारानं मिळून फळ्या उतरवल्या. आम्ही सगळे बाहेर उभे होतो. शेवटची फळी निघाली आणि बराक पहिल्यांदा आख्खी दिसली. पूर्वेच्या दारातून थेट पश्चिमेच्या दारापर्यंत. मधे उन्हाचे लांबट चौकोन पडले होते आणि त्यांत धूळ नाचत होती. वारा एका दारातून शिरला आणि दुसऱ्यातून गेला. इतकी वर्षं तो अडत होता हे आम्हाला माहीतच नव्हतं. संमेलन झालं, नाटकं झाली, फळ्या परत लावायची कुणालाच आठवण राहिली नाही. दादींची बदली कशी कोण जाणे रद्द झाली. त्या आम्हाला हिंदी आणि शिवण शिकवू लागल्या. मी फ्रॉकला लावलेली पहिली शिवण त्यांनी तीनदा उसवली.

पुढे बाबांनी बदलापूरला हेंद्रेपाड्यात घर घेतलं. तेव्हा घराच्या मागे भाताची खाचरं होती आणि संध्याकाळी बेडकांचा आवाज इतका असायचा की मला बराकीतल्या पोरांची आठवण यायची. माया नर्सिंगला गेली. मी डीएड केलं. राणेबाई गेल्या, दादी गेल्या. शाळेला पलीकडे नवी सिमेंटची इमारत झाली आणि बराक रिकामी झाली. मग ती काय काय झाली! फवारणीच्या पंपांची आणि मोडक्या बाकांची वखार झाली. निवडणुकीला मतदान केंद्र झाली. करोनात तिथं लसीकरण चाललं, आणि निवृत्त झालेली माया तिथं टेबल मांडून माणसांच्या दंडावर सुया टोचत होती. "एवढी रांग आपल्या शाळेला कधी लागली नव्हती," ती मला फोनवर म्हणाली होती. नंतर परत कुलूप. ते कुलूप बघून बघूनच तिच्या डोक्यात हे शिरलं असणार.

"पालिकावाले परत वखार करायला टपलेत," माया पायरी चढता चढता म्हणाली. "क्लास चालला तर राहील. नाय चालला तर उचलून देतील कुणाला तरी."

आत गेलो. फरशी नवी आहे. पंखे आहेत. प्लास्टिकच्या खुर्च्या. एका भिंतीला पांढरा फळा. मी भिंतीवरून हात फिरवला. रंगाखाली विटा अजून गार होत्या.

"कोण येणार आहे पण?" मी विचारलं.

"येतील. सुट्टी होऊ दे कारखान्यांची."

थोड्या वेळानं एकेक बाई यायला लागली. कुणी बिहारची, कुणी उत्तर प्रदेशची, दोघी नेपाळच्या, एक खानदेशातली, जिला मराठी बोलता येत होतं पण वाचता येत नव्हतं. जीन्सच्या कारखान्यांत धागे कापणाऱ्या, बटणं ठोकणाऱ्या, गठ्ठे उचलणाऱ्या. सगळ्यांच्या बोटांना निळा रंग. नखांच्या कडांत, तळव्यांच्या रेषांत. नव्या कापडाचा कोरा, खळीचा वास त्यांच्याबरोबर आत आला.

मी मागच्या खुर्चीवर बसणार होते. खरंच. मायानं माझ्या हातात मार्कर दिला आणि स्वतः मागच्या खुर्चीवर बसली.

"ही माझी मैत्रीण," तिनं तिथूनच सांगितलं. "ही टीचर होती. आज बघायला आलीय फक्त."

बायका हसल्या. मलाही हसू आलं. म्हटलं, आता उभी आहेच तर नावं तरी विचारू. पुढच्या रांगेत एक चाळिशीची बाई होती, गुडिया नावाची. तिला विचारलं, मराठी का शिकायची?

"मॅडम, मेरी दो बेटियाँ इधर मराठी स्कूल में पढ़ती हैं," ती म्हणाली. "घर में मेरे सामने मराठी में खुसुर-फुसुर करती हैं और हँसती हैं. मेरे को समझना माँगता है, क्या बोलती हैं मेरे बारे में."

आख्खी बराक हसली. खानदेशातली बाई म्हणाली, "माझीपण तेच करते हो, इंग्रजीत!"

मग मी लिहिलं. 'आई.' मोठ्या अक्षरात. त्यांनी म्हटलं. 'मी आई.' म्हटलं. 'मी आई आहे.' गुडियानं मराठीतलं 'आहे' घोळवून घोळवून म्हटलं, जसं काही ते खायची वस्तू आहे. नेपाळच्या एका मुलीनं उभं राहून फळ्यावर लिहिलं; अक्षर वाकडं आलं, तिनं निळ्या बोटानं पुसलं आणि परत लिहिलं. अक्षरं तिला येत होती, तिच्या भाषेचीही तीच. फक्त हे आपल्याला वाचता येतं हे तिला आत्ताच कळलं होतं. तिनं दारावरची पाटी बघितली, भिंतीवरची सूचना बघितली, आणि शेजारणीचा दंड पकडून तिला सगळं वाचून दाखवायला लागली.

मी घड्याळ बघितलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते. गुडघे दुखत होते, पण ते उभं राहून दुखत होते, बसून दुखतात तसे नाही.

बायका उठल्या. पदर सावरले, डबे उचलले. गुडिया दारात थांबली.

"मॅडम, कल क्लास है ना?"

मी मागे पाहिलं. माया पलीकडच्या दारातून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होती.

"'है ना' नाही," मी गुडियाला म्हटलं. "'आहे ना' म्हण."

तिनं एकदा ओठांत पुटपुटून बघितलं. मग मोठ्यानं विचारलं, "मॅडम, उद्या क्लास आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.